झाडे ११, बाकी ओसाड

या फेब्रुवारीत मी एक झाड तोडलं. चांगलं जिवंत झाड. 'मराठी विभागासाठी काहीतरी लिही' म्हणून संपादक महिनाभर मागे लागला होता. आधी विचार होता मेसच्या भाजीवर लिहायचा. पण त्या विषयावर दरवर्षी कोणीतरी लिहितंच, आणि भाजी काही सुधारत नाही. म्हटलं, त्यापेक्षा हे झाडाचंच लिहून टाकू. शिव्या खायच्याच असतील तर एकदाच खाऊ.

तर झालं असं. सेकंड इयर सिव्हिलच्या सर्व्हे प्रोजेक्टसाठी आमची बॅच कॉलेजमागच्या टेकडीवर गेली होती. सहा जण, एक टोटल स्टेशन, दोन प्रिझम पोल, खुंट्या, हातोडी आणि एक कोयता. ज्यांनी ट्रॅव्हर्स केलाय त्यांना माहीत आहे की स्टेशनवरून प्रिझम दिसला नाही तर सगळं अडतं. तिसऱ्या आणि चौथ्या स्टेशनच्या मध्ये नेमकं एक झाड आलं. मनगटाएवढं खोड, दीड पुरुष उंची, अंगावर एक पान नाही. 'अरे, वाळलंय ते, उडव,' पार्टनर म्हणाला. ऊन चढलेलं, सबमिशनची तारीख डोक्यावर. आमचे सर्व्हे लॅबचे काका डबे आणायला खाली गेले होते. मी कोयता घेतला. तिसऱ्या घावाला खोड आडवं झालं आणि आत बघतो तर काय, गुलाबी-लाल, ओलं! वाळलेलं लाकूड असं नसतं एवढं तर वर्कशॉपमध्ये कारपेंटरी केलेल्यालाही कळतं.

काका डबे घेऊन वर आले. त्यांनी खुंटाकडे बघितलं, वाकून त्यावर हात ठेवला आणि म्हणाले, 'रीडिंग घ्या.' बस्स. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

आम्ही रीडिंग घेतलं. ट्रॅव्हर्स क्लोज झाला, क्लोजिंग एरर मर्यादेत आली, शीट काढली, सही झाली. शीटवर मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं : 'झाडे - ११. उर्वरित जागा ओसाड, झुडपी.' टर्मवर्कला चांगले मार्क पडले. बारावं झाड मोजायचं काही कारणच नव्हतं, ते राहिलंच कुठे होतं?

ते लाल लाकूड मात्र डोक्यातून जाईना. मोबाईलवर झाडं ओळखायचं ॲप आहे, त्यावर तोडलेल्या फांदीचे तीन फोटो टाकले. तीन फोटोंची तीन वेगवेगळी नावं आली. ॲपचा दोष नाही, ते पानाफुलांवर चालतं आणि माझ्या फांदीला दोन्ही नव्हतं. शेवटी लॅबमध्ये जाऊन काकांनाच विचारलं, 'काका, ते झाड कसलं होतं?' काका प्रिझम पुसत होते. म्हणाले, 'सांगून काय कळणारे तुला? रविवारी सकाळी सहाला गेटवर ये. बूट घालून ये, ती सपाता नको.'

मित्रहो, हॉस्टेलच्या पोराला रविवारी सकाळी सहाला उठायला सांगणं म्हणजे काय शिक्षा असते ते मी तुम्हाला सांगायला नको. तरी गेलो.

मार्चचा दुसरा रविवार होता. टेकडीच्या पायवाटेवर गुलाबी-पांढऱ्या पाकळ्यांचा सडा पडला होता. आपलं पब्लिक दरवर्षी इथे फोटो काढतं आणि 'पुण्याची चेरी ब्लॉसम' म्हणून स्टेटसला लावतं. 'हे तर मला माहीत आहे,' मी म्हणालो आणि तेच नाव सांगितलं. काका हसले. ते झाड ग्लिरिसिडिया, म्हणजे गिरिपुष्प. मूळ मध्य अमेरिकेतलं. खडकाळ मुरमातही झपाट्याने वाढतं आणि गुरं-शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून पुण्याच्या टेकड्यांवर ते ढिगाने लावलं गेलं. याचं आणखी एक नाव उंदीरमारी, कारण बी आणि साल उंदरांना विषारी. चेरीशी नातं काही नाही, नातं आहे ते शेंगांचं, म्हणजे वाल-वाटाण्याशी. माझा पहिलाच पेपर कोरा गेला.

पुढे एक उघडं-बोडकं झाड शेंदरी फुलांनी पेटल्यासारखं दिसत होतं. 'पांगारा!' मी ठोकून दिलं. 'पळस,' काका म्हणाले. मग त्यांनी मला लाल फुलांचा जो फंडा सांगितला तो इथे देतो, कारण आपल्यापैकी नव्वद टक्के पब्लिक इथेच गडबडतं. या दिवसांत टेकडीवर तीन झाडं पानं गाळून लाल-केशरी फुलतात : काटेसावर, पळस आणि पांगारा. काटेसावरीचं फूल मोठं, पाच जाड मांसल पाकळ्यांचं, पेल्यासारखं. खाली पडलं की 'थप्' असा आवाज येतो. खोडावर शंकूसारखे काटे. पळसाचं फूल पोपटाच्या चोचीसारखं वाकडं, आणि देठाकडची वाटी काळपट, हात लावला की मखमलीसारखी. पांगाऱ्याची फुलं फांदीच्या टोकाला झुपक्याने येतात, एक पाकळी लांब जिभेसारखी बाहेर, आणि फांद्यांवर बारीक काटे. पानं येतील तेव्हा पुन्हा गंमत आहे : सावरीचं पान हाताच्या पंजासारखं, पण पळस आणि पांगारा दोघांनाही तीन-तीन पानं. 'पळसाला पानं तीन' हे आपण वादात तोंडावर फेकतो, पण तीन पानं म्हणजे पळसच असं मात्र नाही. आपल्या लॉजिकच्या मास्तरांना हे उदाहरण आवडेल.

मी विचारलं, 'काका, पण सगळी झाडं अशी मेल्यासारखी का दिसतात?' काकांनी उत्तर दिलं नाही, एका काटकुळ्या झाडाच्या फांदीवर नखाने जरासं खरवडलं. वरची राखाडी साल निघाली आणि आत लख्ख हिरवं! 'मेलंय का सांग.' पुण्यात पाऊस सुमारे सातशे मिलिमीटर, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. टेकडीवर मातीचा थर वीतभर, खाली काळा कातळ. पान म्हणजे पाणी उडून जायची खिडकी. मग उन्हाळ्यात झाड काय करणार? खिडक्या बंद करतं. थर्मलच्या पेपरात आपण हीट लॉस कमी करायला जे करतो तेच. आणि पानं नसतानाच फुलतं, म्हणजे मैना-बुलबुलांना फुलं लांबूनही दिसतात. म्हणजे वसंतात टेकडीवर जे मेलेलं दिसतं तेच सगळ्यात कामात असतं. आणि आपण बरोबर याच दिवसांत सर्व्हे कॅम्प लावतो, याच दिवसांत होळीला 'वाळकं लाकूड' शोधायला निघतो. नख लावून बघायला दोन सेकंद लागतात. मी ते लावलं नव्हतं.

मग एकेक नाव येत गेलं. जमिनीवर बाकदार, शिंगासारख्या शेंगा पडलेल्या : मेढ्याचं शिंग, म्हणून झाडाचं नाव मेडशिंगी. नाव म्हणजे अख्खं वर्णनच. एका उंच देठावर एकच छोटं पिवळट-पांढरं फूल : एकदांडी. लहानपणी गुडघा फुटल्यावर आम्ही ज्याचा रस लावायचो तो दगडीपाला हाच, हे मला त्या दिवशी कळलं. रंग बदलणाऱ्या फुलांची, चुरगळली की उग्र वास मारणारी घाणेरी, हिलाच टणटणीही म्हणतात. वाटेच्या कडेला पांढऱ्या बारीक फुलांचं गाजरगवत, काकांच्या भाषेत 'काँग्रेस'. ते मूळ अमेरिकेतलं. १९५५-५६ च्या सुमारास त्याची भारतात ठळकपणे नोंद झाली ती पुण्यातच, आणि ते आयात गव्हाबरोबर आलं असं मानलं जातं. त्याने कित्येकांच्या अंगाला खाज सुटते. दरवर्षी श्रमदानात आपण ते उघड्या हातांनी उपटतो आणि मग रेक्टरकडे गोळी मागतो!

एका खड्ड्यात पिवळ्या सुंदर फुलाचं काटेरी झाड होतं. मी फोटो काढायला वाकलो तर काकांनी देठ मोडून दाखवला, आतून पिवळाधमक चीक आला. हा पिवळा धोतरा. याचं बी मोहरीसारखं दिसतं. त्याचं तेल मोहरीच्या तेलात मिसळलं गेलं की अंगावर सूज येते, हृदयावर परिणाम होतो. १९९८ साली दिल्लीत याच भेसळीने अनेकांचे जीव गेले. झाड ओळखणं हा म्हाताऱ्यांचा रिकामटेकडा छंद आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एवढं एक उदाहरण लक्षात ठेवावं. मोगली एरंडाच्या बिया खाऊन शाळकरी पोरं दवाखान्यात दाखल झाल्याच्या बातम्या तर पेपरात येतच असतात. आणि आपल्या हॉस्टेलचं सांगायचं तर गेल्या पाडव्याला माझा पार्टनर गुढीसाठी कडुनिंब म्हणून बकाणनिंबाचा पाला घेऊन आला होता. नशीब, मेसच्या मावशींनी लांबूनच ओळखला आणि कोणाच्या तोंडात जायच्या आत फेकायला लावला.

आता माझा मुद्दा. कोणी म्हणेल, 'आम्ही काय बॉटनीवाले आहोत का? हे त्यांचं काम.' मलाही असंच वाटायचं. मग काकांनीच एक नाव सांगितलं आणि मी लायब्ररीत जाऊन वाचलं. थिओडोर कुक. आयर्लंडचा माणूस, पेशाने रेल्वे इंजिनिअर. पुढे पुण्याच्या सिव्हिल इंजिनिअरिंग कॉलेजचा, म्हणजे आजच्या सीओईपीचा, तो प्राचार्य झाला. या इंजिनिअरने निवृत्तीनंतर इंग्लंडमध्ये क्यू इथे बसून जुन्या मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवर 'द फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे' हा ग्रंथ लिहिला. तो १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने बाहेर पडला. शंभराहून जास्त वर्षं झाली, पण आजही महाराष्ट्रातल्या झाडाझुडपांचा अभ्यास करणारे तो उघडतात. म्हणजे 'इंजिनिअरला झाडांशी काय करायचंय' हा प्रश्न निदान पुण्यात तरी कोणी विचारू नये!

आणि खरं सांगू का, झाड ओळखण्याची पद्धत ही आपलीच पद्धत आहे. अशा ग्रंथांत 'किल्ली' असते. पान साधं की संयुक्त? संयुक्त असेल तर पुढे जा. पानं समोरासमोर की एकाआड एक? चीक आहे का? काटा आहे का? असेल तर खोडावर की फांदीवर? प्रत्येक प्रश्नाला दोनच उत्तरं, आणि शेवटी एक नाव. हा इफ-एल्सचा फ्लोचार्ट नाही तर काय आहे? कॉम्प्युटरवाल्यांनी तर हे आमच्या आधी शिकायला हवं. ॲप वापरू नका असं मी म्हणत नाही. वापरा. पण ॲप नाव सांगतं, बघायला शिकवत नाही. ॲपने सांगितलेलं नाव बरोबर का चूक हे ठरवायला साल, चीक, शेंग, देठ हे तुम्हालाच बघावं लागतं. कॅल्क्युलेटरचं उत्तर अंदाजाने ताडून बघायची सवय आपल्याला सर लावतात, तसंच.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, तो आमच्याच बॅचमधल्या एकाने घेतला. 'नाव माहीत असलं म्हणून झाड वाचतं का? रस्ता जायचा तिथूनच जातो.' खरं आहे. नावाने कुऱ्हाड थांबत नाही. पण निनावी गोष्टीचा हिशेबच होत नाही, हे मी माझ्या शीटवर बघितलंय. 'ओसाड, झुडपी' असं मी लिहिलं तिथे काकांनी त्या एका सकाळी मला एकवीस वनस्पती दाखवल्या, मी वहीत नोंद केली आहे. उद्या माझ्यासारख्याच कोणीतरी काढलेली शीट टेबलावर येते, त्यावर 'ओसाड' लिहिलेलं असतं, आणि वरचे साहेब म्हणतात, 'ओसाडच आहे ना, मग टाका लाइन इथून.' त्यात साहेबांची चूक किती आणि शीट काढणाऱ्याची किती?

आपल्याकडे शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ सालचा कायदा आहे. झाडांची गणना करायची, तोडायची तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यायची, असं त्यात आहे. २०२१ च्या दुरुस्तीत पन्नास वर्षांवरच्या झाडांना 'हेरिटेज' म्हणून वेगळं संरक्षण आलं. उद्या साइटवर झाडांची यादी तयार करायचं काम अनेकदा ज्युनिअर इंजिनिअरच्याच गळ्यात पडणार, म्हणजे आपल्या. त्या यादीत 'इतर झाडे' असा कॉलम भरून आपण सही ठोकणार का? वेताळ टेकडीतून रस्ता आणि बोगदे न्यायच्या प्रस्तावावरून २०२३ साली पुण्यात केवढा वाद झाला ते सगळ्यांना आठवत असेल. माणसं मोर्चा घेऊन रस्त्यावर आली. मी सिव्हिलचा आहे, रस्ते नकोत असं मी म्हणणार नाही, ट्रॅफिकमध्ये मीही अडकतो. पण अशा वादात टेकडीवर नक्की काय आहे हे इंजिनिअरला नागरिकांकडून कळावं, ही आपल्यासाठी काही भूषणाची गोष्ट नाही.

तिसरं म्हणजे आपलं जुलैचं वृक्षारोपण. बॅनर, फोटो, दोन फुटी खड्डे, दोनशे रोपं. गेल्या वर्षी खड्ड्यांसाठी जागा 'साफ' करताना आम्ही काय काय उपटलं, याचा मी आता विचार करतो तेव्हा घाम फुटतो. त्यात गाजरगवत होतं हे नक्की. पण टेकडीने स्वतःहून रुजवलेली, तिथल्याच मातीत दोन-तीन उन्हाळे काढलेली रोपं किती होती? आम्हाला ओळखू येत नव्हती, म्हणून आम्ही ती 'कचरा' या एकाच नावाखाली उपटली आणि त्या जागी नर्सरीतली रोपं लावली, ज्यातली बरीचशी मेपर्यंत टिकली नाहीत. परदेशी तेवढं वाईट आणि देशी तेवढं चांगलं असला सोपा हिशेबही मी करत नाही. चिंच आफ्रिकेतून आली आणि मिरची अमेरिकेतून, त्यांच्याशिवाय आपली आमटी होत नाही. पण काय काढतोय आणि काय लावतोय एवढं तरी माहीत हवं की नको?

म्हणून माझ्या चार सूचना आहेत. प्राध्यापक मंडळींनीही वाचाव्यात ही विनंती.

एक, सर्व्हे प्रोजेक्टच्या जर्नलमध्ये एक पान साइटवरच्या वनस्पतींच्या यादीचं असावं. स्थानिक नावं चालतील, निदान दहा. 'ओसाड' हा शब्द लिहायचा तर का, ते ओरलमध्ये विचारावं.

दोन, कॅम्पला कोयता न्यायचाच असेल तर तो आमच्या हातात नको. मध्ये झाड आलं तर स्टेशन सरकवता येतं, ऑफसेट घेता येतो, हे सरांनी वर्गात शिकवलेलं आहे. आम्ही ते परीक्षेत लिहितो आणि साइटवर विसरतो.

तीन, जुलैत झाडं लावायची असतील तर त्याच वर्षीच्या मार्चमध्ये एक फेरी सक्तीची करावी. फुललेलं झाड ओळखणं सोपं, आणि जे ओळखलं ते जुलैत उपटलं जाणार नाही.

चार, हॉस्टेल ते मेस या वाटेवरच्या झाडांना नावाच्या पाट्या लावू या. दिवसातून चार वेळा आपण तिथून जातो. चार वर्षांत आपोआप पाठ होतील, टर्मवर्कही लागणार नाही.

या सगळ्याला पैसे किती लागतात? चौथ्या सूचनेच्या पाट्यांना काय लागतील तेवढेच. बाकी तिन्हीला लागते ती फक्त रविवारची झोप.

राहिलं माझं झाड. फेरीच्या शेवटी काका मला तिसऱ्या स्टेशनपाशी घेऊन गेले. आमची खुंटी अजून तिथेच होती. शेजारी तो खुंट. कापलेल्या जागी डिंकाचे मणी येऊन वाळले होते. 'मोई,' काका म्हणाले, 'आमच्या मुळशीकडे शेमट पण म्हणतात. फांदी रोवली तरी जगते, कुंपणाला लावतात.' मी विचारलं, 'मग हे पुन्हा फुटेल?' काका म्हणाले, 'फुटेल कदाचित. पावसाला कळेल. पण तू ते विचारून हात झटकू नको.' मग थोडं थांबून म्हणाले, 'टेकडी वनखात्याची आहे. इथलं झाड तोडणं गुन्हा आहे, माहीत आहे ना?' माहीत नव्हतं. आता आहे, आणि छापूनही येतंय.

काकांची रिटायरमेंट पुढच्या वर्षी आहे. त्यांच्या डोक्यातली टेकडी कुठल्याच शीटवर नाही, कुठल्या सर्व्हरवरही नाही. तेव्हा ज्यांना यायचं असेल त्यांनी रविवारी सकाळी सहाला गेटवर यावं. बूट घालून. सध्या आम्ही तिघे आहोत : काका, मी आणि पार्टनर, तोच 'उडव' म्हणणारा.

सर्व्हेची शीट मी सरांकडून परत मागितली आहे. मार्क बदलणार नाहीत, पण 'ओसाड' खोडून तिथे काय आहे ते लिहायचंय. आणि झाडांचा आकडाही दुरुस्त करायचाय : झाडे - १२, पैकी एक तोडलेलं. नाव मोई.

(द्वितीय वर्ष, स्थापत्य)